मागच्या टायरची आतली कड : पोर्शे केमॅनच्या टायरबदलाचं एक प्रकरण

गाडी पोर्शे केमॅन एस, ९८१ पिढीतली, २०१४ ची. मालक दातांचे डॉक्टर, राहायला माहीमला. गाडी त्यांनी सेकंडहँड घेतलेली. वापर बेताचा. रविवारी सकाळी सी लिंक, तिथून कोस्टल रोडने मरीन ड्राइव्ह आणि परत. अधूनमधून लोणावळा, क्वचित अटल सेतूवरून अलिबागच्या बाजूला. एरवी इमारतीच्या स्टिल्टमध्ये कव्हर घालून उभी. २०२५ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला डॉक्टरांनी विचारलं ते एवढंच : "मागचे दोन टायर गेलेत. कुठल्या कंपनीचे टाकू?"

जुन्या गाड्या घेण्याआधी तपासून देणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे टायरचा प्रश्न रोजचाच. पण तो बहुतेक वेळा हॅचबॅकचा नाहीतर एसयूव्हीचा असतो. तिथे चारही टायर एकाच मापाचे. मागचे पुढे, पुढचे मागे करत आणखी वर्षभर ढकलता येतं. केमॅनला ती सोय नाही. पुढे २३५/४० झेडआर १९, मागे २६५/४० झेडआर १९ (पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, शेवटचा रिमचा व्यास इंचांत). रिमची रुंदीही वेगळी : पुढे ८ इंच, मागे साडेनऊ. इंजिन मधोमध, सीटच्या पाठीमागे, म्हणजे वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकांवर, आणि गाडी ढकलण्याचं कामही त्यांच्याकडेच. मागचे टायर आधी झिजणार हे ठरलेलंच. ते कसे झिजलेत ते मला आधी पाहायचं होतं, म्हणून कंपनीचं उत्तर लांबणीवर टाकलं.

लिफ्टवर

उभ्या गाडीचा मागचा टायर बाहेरून पाहिला तर चांगला दिसत होता. डॉक्टरांनाही तसंच वाटत होतं. "गोटा झालेले नाहीत, पण पावसाळ्याआधी बदलून टाकू," असा त्यांचा सूर. साकीनाक्याच्या एका गॅरेजात गाडी लिफ्टवर घेतली आणि खाचांची खोली मोजायचं गेज लावलं. सगळ्यात बाहेरच्या खाचेत ५ मिलिमीटर. मधल्या दोन खाचांत ४ च्या आसपास. सगळ्यात आतल्या खाचेत उजवीकडे २.३ आणि डावीकडे १.७. असा टायर नवा असतो तेव्हा खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. आपल्याकडे चारचाकीला कायद्याची किमान मर्यादा १.६, खाचेच्या तळाशी जे छोटे उंचवटे दिसतात ते तेवढ्याच उंचीचे असतात. डाव्या टायरची आतली कड त्या उंचवट्यांना भिडायला आली होती आणि गाडीभोवती फेरी मारणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नसता.

या गाडीची मागची चाकं वरच्या अंगाने जराशी आत कललेली असतात. वळणावर टायर पूर्ण टेकावा म्हणून कंपनीनेच तो कल दिलेला असतो, त्यामुळे आतली कड थोडी जास्त झिजण्यात नवल काही नाही. इथे मात्र ती थोडी नव्हती, आणि डावी-उजवीत फरकही होता. अशा वेळी मी हाताने तपासतो. तळहात टायरवरून आतून बाहेर फिरवला, गुळगुळीत लागला. तोच बाहेरून आत फिरवला तर प्रत्येक ठोकळ्याची धार बोटांना अडायला लागली. नुसत्या कलाने झिजलेला टायर दोन्ही दिशांनी सारखा लागतो. एका दिशेने धार अडते तेव्हा ते चाक सरळ धावत नसतं, तिरकं होऊन घासत असतं; म्हणजे 'टो', चाकाचं तोंड सरळ समोर असणं, बिघडलेला असतो. अलाइनमेंटच्या मशीननेही तेच दाखवलं, मागच्या डाव्या चाकाचा टो मर्यादेबाहेर. मग मेकॅनिकने पहार लावून चाकाला जागेवर धरणारा कंट्रोल आर्म हलवून पाहिला आणि त्याच्या सांध्यातलं रबरी बुश फाटलेलं सापडलं. उड्डाणपुलांचे सांधे, चौकातले उखडलेले पेव्हर ब्लॉक, पावसाळ्यानंतरचे खड्डे. मुंबईत अकरा वर्षं काढलेल्या गाडीचं बुश फाटणं ही काही बातमी नव्हे.

टायर घेण्याआधी हे सापडलं ते बरं झालं. बुश तसंच ठेवून नवे टायर घातले असते तर काही हजार किलोमीटरमध्ये त्यांचीही आतली कड गेली असती आणि खापर टायर कंपनीवर फुटलं असतं. "अमक्याचे टायर टिकतच नाहीत" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची गाडी मी आधी लिफ्टवर घेतो, ती याचसाठी.

आतल्या कडेचं एवढं मनावर का घ्यायचं, हे डॉक्टरांना आकड्यांत हवं होतं. टायरचा रस्त्याला टेकलेला पट्टा २४ सेंटिमीटर रुंद धरा, रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी, वेग ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. गुणाकार केला तर एकेका टायरला सेकंदाला सुमारे १६ लिटर पाणी बाजूला सारायचं असतं. न्हाणीघरातली भरलेली बादली दर सेकंदाला रिकामी करण्यासारखं ते काम आहे. ते पाणी निघून जायची वाट म्हणजे या खाचा. आणि या गाडीत भार ज्या कडेवर जास्त, नेमकी त्याच कडेची खाच संपत आलेली. पाणी सारलं गेलं नाही की टायर त्यावर तरंगतो. पुढचे तरंगले तर गाडी स्टिअरिंगचं ऐकत नाही, सरळ जाते. मागचे तरंगले तर गाडीचं बूड बाजूला निघतं, आणि इंजिन मधोमध असलेली गाडी फिरायला लागली की सावरायला वेळ देत नाही. हाजीअलीच्या इंटरचेंजवरून उतरताना वळणात पाणी दिसलं, घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला, एवढंही पुरेसं होतं. रुंद टायर ओल्या रस्त्यावर जास्त पकड देतो, असं बरेच जण धरून चालतात. साचलेल्या पाण्यात ते खरं नाही. पट्टा जितका रुंद तितकं सारायचं पाणी जास्त.

"पुढचे तर नवेच आहेत"

पुढच्या टायरांत साडेपाच मिलिमीटर खाच शिल्लक होती आणि झीज सगळीकडे सारखी. डॉक्टरांचा हिशेब सरळ होता : मागचे दोन घेऊ, पुढचे चालू देऊ. पैशांचा प्रश्न त्यांना फारसा नव्हता; चांगली वस्तू टाकून द्यायची हे त्यांना पटत नव्हतं, आणि त्यात चुकीचं काही नाही.

मग साइडवॉलवरचा डॉटचा नंबर पाहिला. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याची तारीख : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुढच्या दोघांवर २११७, म्हणजे २०१७ चा एकविसावा आठवडा. मागच्यांवर ३२१८. हे आकडे कधीकधी टायरच्या फक्त आतल्या अंगाला असतात, म्हणून दुकानात गाडी उभी असताना कोणी पाहत नाही. पोर्शे आपल्या गाड्यांसाठी सहा वर्षांपेक्षा जुना टायर वापरू नका म्हणते. पुढच्यांना आठ वर्षं होत आली होती. खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा होत्या. टायर फिरवून, टॉर्च तिरकी धरल्यावर दिसणाऱ्या. गॅरेजात रबराचा कडकपणा मोजायचं छोटं गेज होतं. तिथेच पडलेल्या त्याच दर्जाच्या नव्या टायरवर काटा ६८ वर थांबला, डॉक्टरांच्या पुढच्या टायरवर ८१ वर.

कमी चाललेल्या गाडीचे टायर किलोमीटरने मरत नाहीत, वयाने मरतात. रबर कडक होतं, आणि कडक रबर ओल्या डांबराच्या बारीक खडबडीत बसत नाही. खाच असते, पाणी जातंही, पण पकड मिळत नाही. शिवाय ब्रेक दाबला की भार पुढे येतो, थांबवण्याचं बरंचसं काम पुढच्या टायरांचं. मागे ताजे आणि पुढे आठ वर्षांचे टायर घेऊन पावसात उतरणं म्हणजे जिथे थांबायचं ते काम सगळ्यात थकलेल्या गड्याकडे सोपवणं. आणखी एक भानगड होती : पुढचे टायर एका कंपनीचे, मागचे दुसऱ्या. आधीच्या मालकाने जसे मिळाले तसे घातलेले. पुढच्यांशी जोड जमवून मागचे घ्यावेत असंही काही उरलं नव्हतं.

डॉक्टर चार घ्यायला तयार झाले ते काट्याचे दोन आकडे बघून.

बाजार

केमॅनचं माप आपल्याकडे कमी खपाचं. सरकारने जून २०२० मध्ये टायरची आयात 'मुक्त' यादीतून काढून 'निर्बंधित' यादीत टाकली, तेव्हापासून परवान्याशिवाय टायर आणता येत नाही. रोजच्या मापांना देशात पर्याय भरपूर. अडचण झाली ती बाहेरून आलेल्या गाड्यांच्या आडमापांची. दुकानात एखादा नग पडून असतो, तो कधीचा ते कोणी आपणहून सांगत नाही.

ऑपेरा हाउसच्या बाजूच्या एका दुकानात पहिला तोडगा पाच मिनिटांत निघाला. "शेठ, मागे २६५/३५ घ्या. रुंदी तीच, रिम तेच. साइडवॉल जरा बारीक, गाडी अजून भारी दिसेल. आत्ता बसवून देतो." रुंदी तीच आणि रिम तेच हे दोन्ही बरोबर. पण ४० आणि ३५ हे रुंदीचे टक्के आहेत, साइडवॉलची उंची त्यांच्यावरून ठरते. २६५ चे ४० टक्के म्हणजे १०६ मिलिमीटर, वर आणि खाली मिळून २१२, त्यात १९ इंच रिमचे ४८२.६, टायरची एकूण उंची ६९४.६ मिलिमीटर. ३५ टक्क्यांचा टायर भरतो ६६८.१. साडेसव्वीस मिलिमीटरचा फरक, जवळजवळ चार टक्के.

गाडी मागून तेरा मिलिमीटर खाली बसेल, सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरला पोट घासेल, हे झालं दिसणारं. खरी गोम पुढच्या-मागच्या प्रमाणात आहे. पुढचा टायर ६७०.६ मिलिमीटरचा, म्हणजे मागचा त्याच्यापेक्षा साडेतीन टक्क्यांनी मोठा. सरळ रस्त्यावर मागचं चाक पुढच्यापेक्षा तेवढं हळू फिरणार, हे एबीएस आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा गृहीत धरूनच बसलेली असते. मागे ६६८.१ चा टायर आला की तो पुढच्यापेक्षा लहान झाला, म्हणजे मागचं चाक जास्त वेगाने फिरणार. यंत्रणेच्या दृष्टीने मागची चाकं सतत घसरतायत. मग ती विनाकारण ब्रेक मारते, पॉवर कापते किंवा दिवा लावून बंद पडते. दुकानदाराला मी हा हिशेब त्याच्याच बिलबुकाच्या मागे करून दाखवला. "असं कोणी विचारत नाही," म्हणाला, आणि ते खरंच असावं.

दुसरा तोडगा डॉक्टरांच्या एका मित्राचा, त्याची स्वतःची जर्मन स्पोर्ट्सकार आहे. पुढे २४५/४०, मागे २७५/४०. ही दोन्ही मापं मोठ्या जर्मन सेडानना लागतात, म्हणून सहज मिळतात. याचं गणित मात्र मला आवडलं. पुढचा ६७८.६, मागचा ७०२.६, दोन्हीकडे बरोबर आठ मिलिमीटरची वाढ, आणि पुढच्या-मागच्या प्रमाणात फरक नाममात्र. रिमच्या रुंदीतही दोन्ही बसतात. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा सव्वा टक्का कमी दाखवेल, पण बहुतेक गाड्यांचे मीटर मुळात जास्तच दाखवतात. तरी मी तो मागे ठेवला. एक, स्टिअरिंग पूर्ण वळवून खड्ड्यात चाक दबलं की चाकाच्या कमानीत ती वाढ मावते का, हे प्रत्यक्ष बसवल्याशिवाय सांगता येत नाही. दोन, मागचा २७५/४० दोन टनांच्या सेडानसाठी बांधलेला; केमॅन साडेतेराशे किलोच्या आसपास. तीन, अपघात झाला तर कंपनीने न दिलेल्या मापाचे टायर बघून विम्याचा सर्व्हेअर प्रश्न विचारू शकतो. मूळ माप कुठेच मिळत नसतं तर हा पर्याय मी पहिला काढला असता.

तिसरी सूचना सेमी-स्लिकची, म्हणजे कमी खाचांच्या ट्रॅक टायरची, मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट कप २ जातीचा टायर. ट्रॅकवर लाजवाब. पण मुंबईच्या डॉक्टरला मोठा ट्रॅक गाठायचा म्हणजे चेन्नई, कोइम्बतूर नाहीतर ग्रेटर नोएडा. इथे जून ते सप्टेंबर रस्ता ओला, एकट्या जुलैत आठशे मिलिमीटरहून जास्त पाऊस. खाचा मुळातच कमी असलेला टायर या शहरात रविवारच्या फेरीसाठी घालण्यात शहाणपण नाही. यावर आमची चर्चा चहा संपायच्या आत संपली.

घोळ झाला तो उरलेल्या दोन पर्यायांत.

पोर्शेच्या टायरवर 'एन' अक्षर आणि पुढे आकडा असतो : एन-झिरो, एन-वन असा. त्या गाडीसाठी टायर कंपनीबरोबर चाचण्या करून पोर्शेने मान्य केलेला टायर, असा त्याचा अर्थ. एन-झिरो म्हणजे पहिली मान्य आवृत्ती. पुढे टायरमध्ये सुधारणा झाली की आकडा वाढतो. वेगवेगळे आकडे एकाच गाडीवर मिसळू नयेत. नाव तेच असलं तरी एन खूण असलेला आणि नसलेला टायर आतून सारखाच असतो असं नाही, म्हणून ही खूण केवळ मिरवायची नाही. गाडीची वॉरंटी चालू असेल तर मी दुसरा विचारही करू देत नाही.

एन खुणेचे चार टायर मुंबईत मिळाले. एकाच ठिकाणी, भावही पाडून दिलेला. तारखा पाहिल्या : पुढचे २०२२ चे, मागचे २०२० च्या सुरुवातीचे. मागचे पाच वर्षं गोदामात. अंधारात, थंडीत, नीट ठेवलेला न वापरलेला टायर रस्त्यावरच्या टायरइतका म्हातारा होत नाही, हे मला मान्य आहे. पण ते गोदाम कसं होतं हे बिलावर लिहिलेलं नसतं, आणि मुंबईचा पत्र्याचा गाळा मे महिन्यात किती तापतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय सहा वर्षांचा नियम पाळायचा तर त्या मागच्या जोडीला जेमतेम वर्ष उरत होतं. एन खुणेचे ताजे टायर मागवले तर जुलै उजाडणार होता.

दुसरीकडे, मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४ एस, दोन्ही मूळ मापांत, एन खुणेविना. मागची जोडी मुंबईतच, पुढची बेंगळुरूहून आठवड्यात. दोन्हीवर २०२४ च्या उत्तरार्धातली तारीख आणि आयएसआयची खूण. कोरड्यात आणि ओल्यात दोन्हीकडे नाव कमावलेला टायर, ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकेल त्याचा, आकडा ३००. कप २ चा त्याहून बराच कमी. (हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते. दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवू नयेत, एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो ठीक.) फरक होता तो भार सोसण्याच्या आकड्यात. मूळ टायर पुढे ९२ आणि मागे ९८, म्हणजे एका टायरला ६३० आणि ७५० किलो. हे पुढे ९६ आणि मागे १०२. एक्सएल, जास्त भाराच्या बांधणीचे. सुरक्षेच्या दृष्टीने वरचढ, पण साइडवॉल कडक. हलक्या गाडीला त्याची गरज नसते.

वेगाचं अक्षर दोन्हीकडे वाय, म्हणजे ताशी ३०० च्या पट्टीतलं. "इथे कोण तीनशेने जातंय, डब्ल्यू चालेल," असं एका दुकानात ऐकवलं गेलं. सी लिंकवर मर्यादा ८० ची, अटल सेतूवर १०० ची, म्हणून तो युक्तिवाद वरवर पटतो. पण ते अक्षर टायर किती उष्णता सोसतो हेही सांगतं. गाडीच्या पुस्तकात वाय आहे तर वायच घ्यावं.

काय ठरलं

चारही टायर पायलट स्पोर्ट ४ एस, मूळ मापात, एन खुणेविना. एन खूण आणि ताजी तारीख यांतलं एकच मिळत असताना मी तारखेच्या बाजूने उभा राहिलो. पोर्शेवाले जुने शौकीन यावर नाक मुरडतील. त्यांच्यापैकी एकाने मला तसं सांगितलंही, आणि त्याचा मुद्दा पोकळ नव्हता : एन खुणेच्या टायरवर स्टिअरिंगचा हात जास्त नैसर्गिक लागतो, हे मीही अनुभवलंय. पण गाडी अकरा वर्षांची, वॉरंटी संपलेली, सस्पेन्शनची अर्धी रबरं मूळची. ज्या बारकाव्यांसाठी ती खूण असते ते बारकावे या गाडीत आज कितपत शिल्लक आहेत, हा प्रश्न आहेच. पावसाळा मात्र तोंडावर होता.

चार टायरांचं बिल लाखाच्या बरंच पुढे गेलं, त्यात जीएसटी २८ टक्के. २२ सप्टेंबरला तो १८ टक्क्यांवर आला तेव्हा डॉक्टरांनी मला बातमीचं कात्रण पाठवलं, खाली फक्त एक हसरा चेहरा.

बसवणं

आधी बुश, दोन्ही बाजूंची. मग टायर, मग अलाइनमेंट. हा क्रम उलटा केला तर अलाइनमेंटचे पैसे दोनदा जातात.

१९ इंची रिमला बुटका आणि कडक टायर चढवताना जुन्या पद्धतीच्या पट्ट्यांनी रिमची कड हमखास ओरबाडते, म्हणून लिव्हर न लागणाऱ्या मशीनचं दुकान शोधलं. चाकांतल्या हवेच्या सेन्सरच्या बॅटऱ्या अकरा वर्षांच्या. टायर उतरलेलाच आहे तर सेन्सरही आत्ताच बदला, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा टायर उतरवायची वेळ येते. बाहेरची आणि आतली बाजू वेगळी असलेला हा टायर, त्यावर 'आउटसाइड' लिहिलेलं असतं. चारही चाकांवर ते बाहेर आलंय ना, हे मी स्वतः फिरून पाहिलं. चाकांचे बोल्ट हवेच्या गनने आवळायचा कारागिराचा हात मध्येच थांबवून ठरलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क रेंच आणायला लावला. नायट्रोजन भरू का, हा नेहमीचा प्रश्न आलाच. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. फुकट मिळत असेल तर भरा, त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही.

जुन्या टायरांचं काय करायचं, यावर दुकानदाराची तयारी आधीच होती. "पुढचे द्या, दोन हजार कापतो बिलातून. त्यांना गिऱ्हाईक आहे." साडेपाच मिलिमीटर खाच असलेला पोर्शेचा टायर सेकंडहँड बाजारात सहज खपला असता, आणि घेणाऱ्याने २११७ हे आकडे वाचले नसते. डॉक्टरांनी दोन हजार सोडले आणि चारही टायरांच्या साइडवॉल समोर उभं राहून कापून घेतल्या. दुकानातल्या पोराला ते विचित्र वाटलं. मला नाही.

टायर बसले त्या शनिवारी आकाश भरलेलं होतं. सोमवारी, २६ मे रोजी, हवामान खात्याने मुंबईत मान्सून आल्याचं जाहीर केलं. नेहमीची तारीख ११ जून. पंच्याहत्तर वर्षांत तो इतक्या लवकर आला नव्हता. त्याच दिवशी वरळीच्या नव्याकोऱ्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. डॉक्टरांची मूळ योजना जूनच्या पहिल्या आठवड्यात टायर बघू, अशी होती. गाडी त्या आठवड्यात त्यांनी बाहेर काढली नाही. नव्या टायरचे पहिले शे-दोनशे किलोमीटर सांभाळून चालवायचे असतात, साच्यातून आलेला तुळतुळीत थर झिजेपर्यंत पकड पूर्ण मिळत नाही. ते किलोमीटर कोणी कमरेइतक्या पाण्यात घालवत नाही.

पावसाळ्यानंतर

ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेज लावलं. मागच्या दोन्ही टायरांत आतल्या आणि बाहेरच्या खाचेतला फरक ०.२ मिलिमीटरच्या आत, डावा-उजवा सारखा. तळहात दोन्ही दिशांनी गुळगुळीत फिरला. टो जागेवर होता.

डॉक्टरांची एक तक्रार मात्र राहिली : गाडी पूर्वीपेक्षा कडक लागते, उड्डाणपुलाचा प्रत्येक सांधा कंबरेत येतो. ती खरी आहे, एक्सएल बांधणीची ती किंमत. त्यांनी हवा चार-पाच पीएसआयने कमी करून पाहू का विचारलं. मी नको म्हटलं. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तो थंड टायरचा, तेवढी हवा हवीच. कमी हवेचा बुटका टायर खड्ड्यात चिमटला की साइडवॉलवर फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. स्टिकरवर दोन आकडे आहेत, एक कमी वेगाचा आणि एक वेगवान प्रवासाचा. ते वेगवान प्रवासाचा आकडा भरून घेत होते. कमी वेगाचा भरल्यावर तक्रार निम्मी झाली, असं त्यांचं म्हणणं.

मागचे टायर पुढच्यांच्या आधी झिजणार, त्यात बदल नाही. त्या वेळी हीच जात, हेच माप मिळत असेल आणि पुढच्यांचं वय चार वर्षांच्या आत असेल तर मागचे दोनच बदलायचे. तसं नसेल तर पुन्हा चार. ही नोंद डॉक्टरांनी सर्व्हिस बुकात करून ठेवली आहे, चारही टायरांच्या तारखांसकट.